मोटारवाल्या नाण्याची खोबण

सन एकोणीसशे त्रेसष्ट. तुझं वय बासष्ट, माझं चौसष्ट. म्हणजे जायची पाळी माझी होती केरबा, आणि तू मधेच घुसलास. जुन्या गावात डोहावर उडी मारायला आपण सगळे खडकावर ओळीनं उभे राहायचो, तेव्हाही तुझं हेच. पुढं उभा मी, आणि पाण्यात आधी तू.

तुझं तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावाला गेले, मागून आणलेली पातेली ज्याची त्याला पोचली, मग मी लिहायला बसलो. लिहिणं माझ्या हाताचं काम नाही. दोन यत्ता झाल्या, तिसरीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, तिथं ते संपलं. पण बोलू कुणाशी? गावात आता कुणाला काही म्हटलं की "व्हय म्हादूबाबा" म्हणून मान हलवतात. होकार दिला की म्हातारा लवकर गप्प बसतो, हे त्यांना कळलंय. तू मला एकदाही धड होकार दिला नाहीस, आणि आपलं भांडण अर्ध्यात टाकून गेलास. त्याचा मला राग आहे. रडू आलं नाही असं नाही, पण राग आधी आला आणि तो अजून जाईना.

भांडण कसलं, तर एका चिनी नाण्याचं. वाचणाऱ्याला हसू येईल. येऊ दे.

मुळशी धरणाच्या पाण्यात गाव गेलं तेव्हा मी माझी हत्यारं उचलली आणि वर डोंगराच्या अंगाला सरकलो. सुताराला तेवढं करता येतं. तुझी सगळी भाताची खाचरं, तुला उचलण्यासारखं काही नव्हतं. तू मुंबईला गेलास, गोदीतून बोटीवर चढलास आणि बॉयलरमध्ये कोळसा मारणारा आगवाला झालास. मग किती तरी वर्षं तुझं शांघाय, कँटन, हाँगकाँग. वैनी इथं. वर्षा-दोन वर्षांनी यायचास, काळा आणि वाळलेला, भाताची झोडणी होईपर्यंत राहायचास आणि परत जायचास.

कायमचा आलास तेव्हा हातात पत्र्याची पेटी होती. गावाला वाटलं रेशीम असेल, घड्याळं असतील. वैनींनी चहा ठेवला, चार माणसं जमली, तू पेटी उघडलीस आणि आत नाणी. तांब्याची, चांदीची, काळी पडलेली, झिजलेली.

"ही चालत्यात व्हय हितं?" कुणी तरी विचारलं.

"न्हाई."

"मग तितं चालत्यात?"

"आता तितंबी न्हाई."

"मग आणलीस कशाला?"

"गोळा केलीत," म्हणालास.

माणसं चहा पिऊन उठली. त्यांच्या तोंडावर चहासुद्धा वाया गेल्यासारखं दिसत होतं. मी बसून राहिलो. गोळा केलीत म्हणजे काय, हे मला समजून घ्यायचं होतं.

तेव्हा तू सांगितलंस. तू बोटीवर लागलास त्या काळात चीनमध्ये राजा राहिला नव्हता आणि सरकार होतं ते नावापुरतं. मुलखामुलखाला एकेक सेनापती, त्याची त्याची फौज, त्याची त्याची टांकसाळ. आज हा जिंकला, उद्या तो. फौजेला पगार द्यायचा म्हणजे नाणी पाडायची, आणि चांदी कमी पडली की तांबं मिसळायचं. एका मुलखाचं नाणं शेजारच्या मुलखात वाणी हातात घ्यायचा, दगडावर वाजवायचा आणि परत करायचा. बाकीचे खलाशी बंदरावर उतरले की गुत्त्यात जायचे. तू सराफाच्या फळीपुढं उकिडवा बसून त्यानं बाजूला टाकलेली नाणी चाळायचास. बोटीवर चिनी आगवाले होते, त्यांना तंबाखू देऊन त्यांच्या गावाकडची मागवून घ्यायचास. एकेका मुलखाचं एक तरी पाहिजे, असं तुझं होतं.

"पर कशाला?" मी विचारलं.

"म्हादू, त्यो आख्खा देश त्या येळी तुकडं तुकडं झाला व्हता. म्या तुकडं जमवलं."

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही, आणि आजही पुरतं पटलेलं नाही.

नाणी मात्र बघण्यासारखी होती, ते मी कधी नाकारलं नाही. शेच्वानचं तांब्याचं तर इतकं मोठं आणि जड, की बैलाच्या गळ्यात बांधावं. त्याच मुलखाचं चांदीचं, मधोमध एकच मोठं अक्षर आणि भोवती बारीक बारीक वर्तुळं. युन्नानचं, त्यावर खांद्यावर झुबके असलेला सेनापती. हुनानचं, त्यावर दोन झेंडे फुली मारल्यासारखे. काहींवर तिथल्या सराफांनी खात्री पटली म्हणून आपापले बारके ठसे ठोकलेले. ठोकून ठोकून नाण्याचं तोंड देवीचे वण आल्यासारखं झालेलं. तुला चिनी वाचता येत नव्हतं, मला मराठीच कष्टानं येतं. पण तू डोळे मिटून अंगठा फिरवायचास आणि सांगायचास, हे हुनान, हे कँटन. मी मुद्दाम अदलाबदल करून द्यायचो. तू फसायचा नाहीस, आणि मला त्याचाही राग यायचा.

एका दिवाळीला वैनींनी लक्ष्मीपूजनात मांडायची म्हणून तांब्याची सगळी नाणी चिंच आणि राख लावून घासली. पिवळीधमक झाली. तू घरात आलास, पाट बघितलास आणि भिंतीला टेकून डोकं धरून बसलास.

"मळ काढला तर ह्यांचं तोंड बगा भावजी," वैनी मला म्हणाल्या, "जसं काय म्या मानूस मारलं."

"कुटल्या कुटल्या हातातनं फिरून रंग चढला व्हता त्यांच्यावर," तू म्हणालास. "चिंचंनं घालवला."

मी वैनींच्या बाजूनं बोललो. देवापुढं ठेवायची वस्तू घासूनच ठेवतात, चिनी असली म्हणून तिला वेगळा न्याय नाही. भाऊबीज होईपर्यंत आपलं तेच चाललं होतं. वैनींनी शेवटी दोघांच्या ताटात करंज्या वाढल्या आणि म्हणाल्या, "खावा, म्हंजी तोंडं तरी बंद ऱ्हातील."

पेटीत नाणी एकमेकांवर घासतात म्हणून तुला त्यांना जागा करून हवी होती. जुनं गाव सोडताना तुझ्या घराचं सागवानी दार मी चौकटीतून काढून खांद्यावर वर आणलं होतं. इतकी वर्षं ते माझ्या पडवीत उभं होतं. त्याची एक रुंद फळी काढली, रंधा मारला. तू कोळशानं तिच्यावर चीन काढलास. उजवीकडं समुद्र, मधून नदीची रेघ, आणि जिथल्या तिथं नाणं ठेवून त्याच्याभोवती गोल. खोबणी मी कोरायच्या.

एकाच मुलखाची दोन नाणी सारख्या जाडीची नव्हती. गिरमिट फिरवून भागत नाही त्याला. गोल पटाशीनं कडेकडेनं आत जायचं, नाणं ठेवून बघायचं, काढायचं, परत कणभर खरवडायचं. बसलं की फळी उलटी धरून हलवायची. नाणं पडलं तर काम कच्चं. माझं एकही पडलं नाही. तू समोर बसलेला, नाणं माझ्या हातात द्यायला तुझा जीव जायचा.

"हळू," म्हणायचास.

"खात न्हाई तुझं नाणं."

"तुझा काय भरवसा."

पावसाळाभर ते चाललं. बाहेर धो धो, मुळशीचा पाऊस तो, आठ-आठ दिवस कुणी कुणाच्या दारात येत नाही. तू इरलं घेऊन रोज यायचास. त्या पावसाळ्याइतकं काम मला दुसरं कुठलंही गोड लागलं नाही. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू दोन वर्षं चिडवत बसला असतास, म्हणून नाही सांगितलं.

सगळी बसली, आणि मग तू कमरेच्या चंचीतून ते काढलंस. पांढरं, आपल्या रुपयापेक्षा चांगलं मोठं, आणि त्यावर मोटार. चाकं, टप, खाली गवत. मी हातात घेतलं, दाराच्या दगडावर टाकून वाजवलं आणि तुला परत दिलं.

"ह्याला खोबण पाडायची न्हाई."

"का?"

"खोटं हाय."

"कशावरनं?"

"नाण्यावर राजा असतो, देव असतो, झेंडा असतो. मोटार कुटं असती? कुणी तरी जत्रंत इकायला पाडलंय."

"त्या मुलखात सडक न्हवती. तितल्या सेनापतीनं सडक बांदली, मोटार आणली, त्याची खूण म्हणून पाडलंय."

"वाजतंय बी बद्द."

"चांदी कमी हाय म्हणून. समद्यांचीच कमी व्हती."

"मग खोटंच की."

आवाज बद्दच होता, हे मी आजही सांगतो. आणि खोट्या मालाला मी माझं हत्यार लावत नाही. देवळाच्या दाराला सागाच्या नावाखाली भलतंच लाकूड आलं, तेव्हा मी ते काम टाकून घरी आलो होतो. तू स्वतः तिथं होतास. गावानं महिनाभर नावं ठेवली, मी गेलो नाही. देवासाठी वाकलो नाही, तर तुझ्या मोटारीसाठी कुठं वाकू?

फळीच्या खालच्या डाव्या अंगाला तू त्याच्यापुरता गोल काढून ठेवला होतास. मी तो ओल्या फडक्यानं पुसला. पुढच्या वेळी आलास तेव्हा परत काढलास. मी परत पुसला. काही वर्षं आपला हाच खेळ. फळी काखेत घेऊन यायचास, बसायचास, तंबाखू मळायचास.

"म्हादू, पटाशीला धार हाय का?"

"हाय."

"मग?"

"खोट्याला न्हाई."

तू माझ्या हत्यारांच्या पेटीतून कोळसा काढायचास.

मग एकदा पौडच्या बाजारातून आपण चालत येत होतो. घाटाच्या अलीकडं तू आपणहून बोलायला लागलास. तुझ्याबरोबर बॉयलरपुढं एक चिनी गडी होता, त्या मोटारवाल्या मुलखाचा. क्वेचाव म्हणायचास तू त्या मुलखाला. सेनापतीची सडक गेली ती त्याच्या शेतातून. शेत गेलं, आणि त्याच सडकेची खडी फोडायला त्याला लावलं. त्या मजुरीत हे नाणं हाती आलं. तो मग समुद्राकडं चालत आला आणि बोटीवर चढला. तू त्याला आपल्या धरणाचं सांगितलंस. बोटीवरच्या मोडक्यातोडक्या भाषेत त्याला ते कळलं, असं तू म्हणालास.

"उतरताना त्यानं हे माझ्या हातात दिलं," म्हणालास. "म्हणला, तुझ्यापाशी धरणाचं नाणं असलं तर दे, अदलाबदल करू."

"मग?"

"म्या म्हणलो, आमच्यात तसलं पाडलं न्हाई."

मी बाजाराची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणालो, "गडी खरा असंल. नाणं खोटं हाय."

माझं चुकलं असं मला वाटत नाही. गड्याचं दुःख निराळं आणि नाण्याची चांदी निराळी. पण तू घरापर्यंत बोलला नाहीस, आणि त्यानंतर गोल काढायचा थांबलास. यायचास, बसायचास, पावसाचं बोलायचास, भाताचं बोलायचास. पटाशीला धार आहे का, हे परत कधी विचारलं नाहीस. मला पुसायला काही ठेवलं नाहीस तू. भांडणाऱ्यानं असं हत्यार खाली टाकायचं नसतं केरबा. समोरच्यानं काय करायचं मग?

गेल्या साली चीनशी लढाई लागली. जी माणसं तुझ्या पेटीला हसली होती, तीच आता चावडीवर बसून म्हणायला लागली, केरबाच्या घरात चिन्याचा खजिना हाय. कुणी म्हणालं वितळवून टाका. एका संध्याकाळी तू फळी गोधडीत गुंडाळून माझ्याकडं घेऊन आलास. मी ती पडवीत लाकडाच्या भुशाखाली पुरली.

"भ्यालास न्हाईस न्हवं?" तू विचारलंस.

"तुला भ्यालो न्हाई कधी, चिन्याला कशाला भिऊ."

तू हसलास. मोटारीचं तेवढं तुझ्या कमरेलाच होतं. मी म्हटलं, "तेबी ठेव की हितंच."

"त्याला जागा कुटं हाय?" म्हणालास.

टोमणा मारल्यासारखं नाही म्हणालास, खरंच म्हणालास. आणि रिकामी गोधडी खांद्यावर टाकून गेलास. मी हाक मारायला हवी होती असं लोक म्हणतील. मी मारली नाही, कारण हाक मारून काय सांगणार होतो? नाणं खोटंच होतं.

तुझा निरोप आला तेव्हा मी उरवड्याला एका घराच्या चौकटी बसवत होतो. पटाशी तिथंच टाकून आलो. तिरडी मी बांधली. दुसऱ्या कुणी बांधलेली मला बघवली नसती, लोक गाठी कशाही मारतात. तुला अंघोळ घातली, बाहेर आणलं, गुलाल लावला. मग कुणी तरी म्हणालं, कपाळाला लावायला रुपया बघा, चांदीचा. आता चांदीचा रुपया कुणाच्या घरात राहिलाय? डब्यात बघितलं तर सगळे नवे पैसे. तुझा पोरगा दत्तू मुंबईहून नुकताच पोचलेला, डोळे सुजलेले. अंघोळीच्या वेळी तुझ्या कमरेची चंची सोडवून ठेवली होती, ती त्यानं उघडली आणि आतून ते काढलं. त्याला काय ठाऊक. पांढरं दिसलं, मोठं दिसलं. कणकेच्या गोळीवर दाबून तुझ्या कपाळाला लावलं. मोटार वरच्या बाजूला.

माझ्या मागं एक जण पुटपुटला, "चिन्याचं हाय ते."

"चांदीचं हाय," दुसरा म्हणाला, "गप ऱ्हा."

केरबा, मला तिथं कसं अडकवलंस ते बघ. काढा म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. खोटं आहे, चांदी नाही, असं म्हणावं, तर भरल्या गावात तुझ्या कपाळाकडं बोट करून तुला खोटा पाडल्यासारखं. मोलाचं आहे, जाळू नका, असं म्हणावं, तर इतक्या वर्षांचं माझं बोलणं मीच गिळल्यासारखं. आणि तू पडलेला. उठून माझं तोंड बंद करणार नाहीस की उघडणार नाहीस. मी पुढं झालो. खांदा दिला. उतारावर तिरडी हलत होती, मला सारखं वाटत होतं की आता ते पडेल. पडलं नाही.

चिता पेटली तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं, तेही सांगतो. आता कळेल, हे होतं. शिसं-कथील असेल तर वितळून जाईल, चांदी असेल तर राहील. लोक तुझ्याकडं बघून रडत होते आणि मी त्या जाळात निकालाची वाट बघत होतो. तूही तेच केलं असतंस. मला ठाऊक आहे तू कसला होतास.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. दत्तू आणि तुझी भावकी अस्थी वेचत होती. मी डोक्याच्या अंगाला बसलो आणि राखेत हात घातला.

"म्हादूबाबा, काय हुडकताय?" दत्तूनं विचारलं.

"माझं काम हाय," मी म्हणालो. "तू तुझं कर."

राख खालून अजून कोमट होती. सापडलं. काळं ठिक्कर, एका अंगाला वाकलेलं, आणि कडेला वितळून ओघळ येऊन गोठलेला. मोटारीचं पुढचं चाक गेलेलं. मागचं चाक आणि टप शिल्लक. निम्मं वितळलं होतं आणि निम्मं राहिलं होतं. एवढ्या जाळानंही धड काही सांगितलं नाही. मी तिथंच बसून राहिलो. तुझं तोंड आठवत होतं, हसू दाबताना व्हायचं तसं.

घरी नेऊन वैनींना दाखवलं. दत्तूला वडिलांची आठवण म्हणून हवं असेल, असं मला वाटलं. वैनींनी ते पदरानं पुसलं, उलटंसुलटं बघितलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या भावजी," म्हणाल्या. "आता एकदा वाजवून बगा."

दाराशी दगड होता. मी वाजवलं नाही.

माझं मत बदललेलं नाही. निम्मं तरी खोटं आहे ते, आणि निम्मं खोटं म्हणजे माझ्या लेखी खोटंच. तू असतास तर यावर पुढचा पावसाळा गेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भुशातून फळी बाहेर काढली. खालच्या डाव्या अंगाला तुझा गोल नव्हता, पण जागा कुठली ते मला फळी पुसून पुसून पाठ होतं. आता गोल काढूनही उपयोग नव्हता, नाणं गोल राहिलं नव्हतं. ते तिथं ठेवून त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली, वाकलेल्या अंगानं आणि ओघळासकट. गोल पटाशीला धार लावली. कडेकडेनं आत गेलो, नाणं ठेवून बघितलं, काढलं, कणभर खरवडलं, परत ठेवलं. ओघळापाशी फार वेळ गेला. इतकी वाकडी खोबण माझ्या हातानं याआधी कधी पाडली नव्हती. नाणं बसलं. मग फळी उलटी धरली आणि हलवली.

पडलं नाही.